बादलीतून उचललेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, बिहारमधल्या दरभंग्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधला. तेवीस वर्षं मी रोग पाहतो आहे. पण मला खरी किळस येते ती डोळे असून न पाहणाऱ्या माणसांची.

आमच्या भागात पित्ताशयाचा कर्करोग फार. तरीही इथले काही सर्जन खडे काढतात आणि पित्ताशयाची पिशवी बादलीत टाकतात. डॉक्टर कुमुदरंजन त्यांतलेच. त्यांनी रामसखी देवींचे खडे काढले आणि प्रसाद द्यावा तसे डबीत घालून लेकीच्या, अंजुलाच्या, हाती ठेवले.

"डॉक्टरसाहेब, पिशवी तपासायला नाही पाठवत?" तिनं विचारलं.

"खडेच होते ते. नर्सिंगचं पहिलं वर्ष ना तुझं? मग मला शिकवू नकोस."

अंजुलानं बादलीत हात घालून पिशवी उचलली, नमुना टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या बरणीत ठेवली आणि आमच्या डॉक्टर शेफालिका मिश्रांकडे आणली.

शेफालिकादीदींनी पिशवी उभी चिरली. एका जागी भिंत जाड लागली. तिथले तुकडे मेणात बसवून, पातळ कापून, रंगवून, काचपट्ट्यांवर माझ्याखाली आले. पहिल्या काचेत नुसती सूज. दुसरीतही तेच. कुमुदरंजन असते तर एव्हाना त्यांनी चहा मागवला असता. दीदींनी आणखी काचा करायला सांगितल्या.

सहावीत, पिशवीच्या भिंतीतल्या स्नायूमध्ये ग्रंथी दिसल्या. जुन्या सुजेतही अस्तराचे खळगे स्नायूत उतरतात, पण ते नीटस असतात. या वेड्यावाकड्या होत्या, पेशींची केंद्रकं फुगलेली, काळपट. स्नायू ओलांडून त्या पार चरबीत शिरल्या होत्या. कर्करोगच.

दीदींनी सर्जनना फोन केला. "पेशंटला पाटण्याला पाठवा. यकृताचा लगतचा भाग आणि आसपासच्या लसिकागाठी काढाव्या लागतील."

"मॅडम, तुम्हाला सगळीकडे कॅन्सरच दिसतो."

"मी बघते म्हणून दिसतो."

फोन ठेवून दीदींनी अहवाल सरळ अंजुलाच्या हाती दिला.

पाटण्याला दुसरी शस्त्रक्रिया झाली. लसिकागाठींत रोग पोचला नव्हता. त्याला चार वर्षं झाली. परवा रामसखी देवी दीदींसाठी तिलकोराच्या पानांची भजी घेऊन आल्या होत्या. आणि कुमुदरंजन? "रोग मीच वेळेवर पकडला," असं ते आता सांगत फिरतात. बादली अजून तिथेच आहे.

मित्रांनो, माझी काच धुळकटली तर कुणीही पुसेल. तुमच्या घरात कुणाचं पित्ताशय काढलं, तर मात्र पिशवीच्या तपासणीचा अहवाल मागून घ्या. कुणी हसलं तर हसू द्या, आणि तो हातात पडेपर्यंत दवाखान्याच्या दारातून हलू नका.