वही घेऊन ये

पेल्यातल्या पाण्यात त्याचे पुढचे चार दात तळाशी बसून हसत होते, दात खोटे पण हसणं खरं, आणि एमिल ड्झुरिक त्यांच्याकडे बघत बोळक्या तोंडानं म्हणाला, "नऊ वर्षं झाली, बड. तीन कोच बदलले, पण माझी वही कुणी मागितली नाही. मागणारही नाही."

"तेहतीस वर्षांचा बाप्या," समोरच्या खाटेवरून बड ओकली म्हणाला, "गुडघा दारासारखा कुरकुरतो, आणि ऐट बघा!"

तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर हॅस्केल. अमेरिकी फुटबॉल टीमच्या सरावाच्या छावणीतला यमदूत. सकाळी त्यानं "कोच बोलावतोय, वही घेऊन ये" म्हटलं की खेळाडू संपला; डावांची वही जमा करायची आणि दुपारच्या बसनं घर गाठायचं. आज तो एवढंच म्हणाला, "एमिल, कोच बोलावतोय," आणि गेला.

वहीचं बोललाच नाही. विसरला? की लाजला — नऊ वर्षांचा माणूस, त्याला कसं सांगायचं... आणि नुसता गेलो, तर वही आणायला परत पाठवतील, म्हणजे सगळ्या जेवणघरासमोरून दोनदा जायचं, दुसऱ्यांदा वही छातीशी धरून — छे! आणि मग घरी काय? सासऱ्याचं फर्निचरचं दुकान, माझ्या फोटोखाली मांडलेले सोफे, गिऱ्हाईक विचारणार, तुम्हीच ना ते? ते म्हणजे कोण... शिकागोच्या चिखलात बोटं मोडून घेतली तो, की सोफ्याचा भाव सांगतो तो?

"मागितली नाही ना? मग कशाला नेतोस, गाढवा?" बड ओरडला.

"मागायची वेळ येऊ नये म्हणून. मानानं."

कोच केरिगन अंडी खात होता. एमिलनं वही टेबलावर ठेवली. काटा हवेतच थांबला.

"म्हणजे तू स्वतःहून..." कोच उठला आणि चक्क गळ्यात पडला. "अरे बाबा! मी तर तुला गाडी हलवायला बोलावलं होतं, खाली दूधवाला अडकलाय. तुझी जागा पक्की होती रे! पण तूच म्हणतोस, तर तुझ्या जागी नव्या पोराला घेतो. असा मानानं जाणारा गडी मी बघितला नाही."

नाही म्हणायला एमिलनं तोंड उघडलं आणि तो 'मानानं' घशात आडवा आला. वही समोरच होती. हात लांबवायचा, ओढायची... नऊ वर्षं अडीचअडीचशे पौंडांची माणसं ढकलली, आणि आता वीतभर वहीपुढे हात उठेना. उलट आत कुठंतरी काहीतरी सुटलं, भलतंच हलकं वाटलं — भीती वाटते तसं हलकं.

"थँक्यू, कोच," तो म्हणाला.

मग तो खाली गेला आणि गाडी मागे घेताना दूधवाल्याच्या गाडीवर ठोकली.