दाराखालची फट

घंटा थांबली तशी दारवानाने सभागृहाचं दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवली. मतदान सुरू झालं, की सभापतींचा निरोप येईपर्यंत हे दार कुणासाठीही उघडायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. एरवी तो अशा वेळी स्टुलावर डुलकी काढायचा. आज डोळा लागणं शक्य नव्हतं. सरकारने कुणालाही उचलावं आणि कोर्टाला विचारूही नये, असा कायदा आत मताला आला होता.

तो टेकतो न टेकतो तोच जिन्यावर बूट वाजले. चार पोलीस शिपाई, आणि पुढे त्याचा सख्खा भाचा. ज्याला खांद्यावर घेऊन त्याने गावभर हिंडवलं होतं, त्याच्या खांद्यावर आता चांदण्या होत्या.

भाच्याने आवाज चढवला नाही. मामी बरी आहे ना, गुडघे काय म्हणतात, सगळं विचारून झालं. त्यानेच मामाची गाळण उडाली. मग भाचा हळूच म्हणाला, की आतल्या मास्तरीणबाईंना मत द्यायच्या आधी बाहेर न्यायचंय. या सभासद पूर्वी शाळेत शिकवायच्या, आणि त्या विरोधात जाणार हे जगजाहीर होतं.

"कोर्टाचा कागद आहे?" मामाने विचारलं. आपल्या तोंडून हे निघालं कसं, हे त्याचं त्यालाच कळेना.

"तो लागू नये म्हणूनच तर आत सगळं चाललंय," एक शिपाई हसला. भाचा हसला नाही.

"मामा, तुमची खोली सरकारी आहे. या वयात मामीला सामान बांधायला लावू नका. मलाही वर तोंड दाखवायचंय."

दारवान शूर नव्हता. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तरी तो मुकाट्याने घरी आणायचा आणि बायकोची बोलणी खायचा. भाच्याने आणखी एकदा सांगितलं, तर आपला हात आपसूक कुलपाकडे जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भाच्यापेक्षा त्याला त्या हाताची जास्त धास्ती वाटली.

चपलेचा पट्टा नीट करावा तसा तो वाकला आणि त्याने किल्ली दाराखालच्या फटीतून आत सरकवली.

भाचा पांढराफटक पडला. "मामा, हे काय करून बसलात?"

"आता माझ्याकडे काही मागू नको रे," मामा कसाबसा म्हणाला. "माझ्याकडे काहीच नाही."

दार फोडावं, तर आत पत्रकार बसलेले. भाच्याने फोन लावून हुकूम मागितला. पलीकडून 'तुझं तू बघ' एवढंच आलं. मग त्याने मामाला स्टुलावर बसवून त्याचा दंड घट्ट धरला.

आत एकेक नाव पुकारलं जात होतं. मास्तरीणबाईंचं आलं. "विरोध," असं वर्गात सांगावं तसं ठणठणीत ऐकू आलं. नंतर बरीच नावं झाली, आणि मग सगळं शांत झालं.

कायदा पडला असेल, तर भाच्याला कोर्टाचा कागद आणावा लागणार होता. मंजूर झाला असेल, तर हा दंड आता सुटायचा नव्हता. मामाने भाच्याकडे पाहिलं. तोही दाराकडेच बघत होता.

आतून किल्ली फिरली.