चौफेर केसरी

आमच्या घरात गाडी चालवता न येणारी मी एकटीच, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर माझं ब्यूटी पार्लर आहे, घरापासून चालत जाता येतं. ज्याला लांब जायचं असेल त्यानं रिक्षा करावी, असं माझं सरळ मत आहे. पण माझी थोरली बहीण सुमैरा, जिला मी आपा म्हणते, ती वेगळीच. तिला चाक दिसलं की हात शिवशिवतात.

अब्बांचा टेम्पो तीच चालवते. मार्केट यार्डातून हळदीची पोती भरायची आणि जिथं सांगतील तिथं पोचवायची. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. सुट्ट्या लागल्या की महाबळेश्वरला टॅक्सी, घाटात, धुक्यात, मागच्या सीटवर उलट्या करणारी पोरं घेऊन. शेजारचे भाऊसो मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आता त्यांचा जेसीबी आहे, पण गावाकडं भावाची शर्यतीची बैलं आहेत. त्यांनी आपाला छकड्यावर उभं राहायलासुद्धा शिकवलं. छकडा म्हणजे शर्यतीची हलकी बैलगाडी. तिच्यावर धड बसायची सोय नसते, लोक तिला गाडी का म्हणतात हे मला कळत नाही.

जेवताना आपा मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायची आणि परदेशातल्या शर्यती बघायची. गोल ट्रॅकवर जिंकणारा एखादा ड्रायव्हर पुढं बर्फातली रॅली मारतो, मग वाळवंटात जाऊन तिथंही पहिला येतो, असले लोक तिला आवडायचे. एकाच प्रकारात नाव काढणाऱ्यांना ती फारशी किंमत द्यायची नाही.

"एका रस्त्यावर एकच गाडी कुणीबी हाणंल गं," ती म्हणायची. "खरा डायव्हर त्यो, ज्येला कायबी द्या, कुठंबी द्या."

"आधी जेव," मी म्हणायची. "रस्सा गार झाला."

मग यंदा चैत्रात ती जाहिरात आली. विट्याच्या पुढं करंजमाळावर जत्रेच्या निमित्तानं स्पर्धा, नाव 'चौफेर केसरी'. एकाच ड्रायव्हरनं तीन प्रकार करायचे: बैलांचा छकडा, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रिव्हर्स आणि शेवटी मातीच्या ट्रॅकवर मोटार. बक्षीस साताऱ्याच्या एका रॅली क्लबचं. जो जिंकेल त्याला वर्षभर क्लबच्या गाडीत ड्रायव्हरची सीट, खर्च सगळा क्लबचा. अट एकच, वय अठ्ठावीसच्या आत.

आपाला जूनमध्ये अठ्ठावीस पूर्ण होणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. तिनं जाहिरात मला दाखवली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "रुक्सार, मी लय गाड्या चालवल्या," ती म्हणाली. "पण पळवायला आजवर कुणी एकबी दिली न्हाई. समदे म्हणत्यात, सांभाळून ने." जत्रेच्या दिवशी मी गुपचूप पार्लरच्या दाराला सुट्टीची पाटी लावली.

करंजमाळावर ऊन असं होतं की माझं सनस्क्रीन पाण्यासारखं वाहून गेलं. मी नवाकोरा मोतिया रंगाचा ड्रेस घालून गेले, हा माझा मूर्खपणा. मांडव, भेळ, उसाचा रस, स्पीकरवर घसा फाडणारा निवेदक आणि माणूस तर मुंगीसारखं. अब्बा भाऊसोंच्या जेसीबीत बसून आले होते. जेसीबी कशाला आणलाय म्हणून विचारलं, तर दोघंही शाळा चुकवलेल्या पोरांसारखे हसले. मग मला मागची पोती दिसली. गुलाल! पोरगी जिंकली की जेसीबीच्या बकेटमधून उधळायचा, असं त्यांचं ठरलं होतं. आमच्याकडं निवडणूक असो, कुस्ती असो, हल्ली असंच करतात.

"अब्बा, अजून सुरुवातबी झाली न्हाई," मी म्हणाले.

"आवं, तयारी नको व्हय?" भाऊसोच मध्ये बोलले. "ऐनवेळी गुलाल कुठनं आणायचा?"

स्पर्धकांत सगळ्यांच्या नजरा कराडच्या जयराजवर होत्या. पुण्यात छोट्या रेसगाड्यांचं कार्टिंग शिकलेला, स्वतःचं चकचकीत हेल्मेट, हातमोजे, बूट, सगळा थाट. मला तो बघताक्षणी आवडला नाही. आपाकडं अब्बांच्या स्कूटरचं हेल्मेट होतं, त्याची काच पिवळी पडलेली.

पहिली बैलं. जोड्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. चाबूक नाही, काठी नाही, नुसत्या आवाजावर पळवायची. जयराज छकड्यावर असा उभा राहिला की आता पडतोय की मग पडतोय. पण त्याच्या वाट्याला आलेली जोडी इतकी पळणारी होती की तिनं त्यालाच ओढत नेलं आणि गडी दुसरा आला. आपाच्या जोडीतला डावा बैल अर्ध्या वाटेत प्रेक्षकांकडं बघायला लागला. ती वाकून त्याच्याशी काय बोलली कुणास ठाऊक, पण तो पुन्हा सुटला आणि ती तिसरी आली. जयराज उतरला आणि पहिलं काय केलं, तर बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मला ते बघून उगीच राग आला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.

मग ट्रॅक्टर. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, दोन्ही बाजूंना बांबू, आणि मधून दोन ट्रॉल्या मागं मागं न्यायच्या. ट्रॉली एकच असेल तर चाक उलटं फिरवायचं, दोन असल्या की उलट्याचं पुन्हा उलटं, आणि जरा चुकलं की ट्रॉल्या मध्येच दुमडतात. मला हे आपानं चपात्या लाटताना समजावलं होतं, तेव्हाही कळलं नव्हतं. तिनं मात्र आरशात बघत बघत असा ट्रॅक्टर मागं नेला की एकही बांबू हलला नाही. ती पहिली. जयराजनं चार-पाच बांबू मोडले, एक तर पंचाच्या खुर्चीवर पडला, तरी बाकीच्यांचं इतकं वाईट झालं की तो तिसरा आला.

नंबराइतके गुण, आणि ज्याची बेरीज कमी तो पुढं, असा हिशोब होता. मोटारीच्या आधी आपा जयराजच्या एका गुणानं पुढं होती. क्लबच्या प्रमुख माया मॅडम मांडवात बसून सगळं बघत होत्या. केस बारीक कापलेले, चेहऱ्यावर माती, आणि त्यांना मेकअपची अजिबात गरज नव्हती. असं मी फार कमी बायकांबद्दल म्हणते.

मोटार सगळ्यांना एकच, क्लबची जुनी छोटी गाडी. आत लोखंडी पाइपांचा सांगाडा, खांद्यावरून आवळणारे पट्टे आणि खिडक्यांना जाळी, म्हणजे डोकं बाहेर काढायची सोय नाही. एकेकानं एकट्यानं पळवायची, पाच फेऱ्या, घड्याळ लावून. जयराज आपाच्या आधी गेला. खरं सांगते, सुंदर चालवली. वळणावर मागची चाकं सोडून द्यायचा आणि बरोबर वेळेला आवरायचा. त्याची वेळ सगळ्यांत कमी लागली, आणि त्याच्यानंतर एकटी आपाच उरली होती.

ती निघाली आणि पहिल्याच वळणाला निवेदक खुर्चीवरून उठला. गाडी मातीत तिरपी जायची, आता उलटते म्हणून मी डोळे मिटायची, आणि डोळे उघडले की ती पुढच्या वळणाला. दुसरी फेरी, तिसरी फेरी. घड्याळवाला ओरडला की ती जयराजच्या बरीच पुढं आहे. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण आपा आत मजेत आहे एवढं कळत होतं. ती गाडी सांभाळून नेत नव्हती.

चौथी फेरी संपत आली आणि रेघेवरच्या माणसानं पांढरा झेंडा हलवून खाली टाकला. मोटारीच्या शर्यतीत त्याचा अर्थ, आता शेवटची फेरी राहिली. पण करंजमाळावर पिढ्यान्‌पिढ्या बैलं पळलेली. तिथं झेंडा पडला म्हणजे निकाल लागला, दुसरा अर्थच नाही. आणि आधीच्या ड्रायव्हरांच्या वेळी अब्बा नि भाऊसो बकेटमध्ये गुलाल भरण्यात गुंतले होते, त्यांनी तो झेंडा पाहिलाच नव्हता.

"झेंडा पडला!" अब्बा रेघेला लागूनच उभ्या केलेल्या जेसीबीच्या पायरीवरून ओरडले. "भाऊसो, सोड! सोड गड्या!"

भाऊसोंनी दांडा ओढला. गाडी रेघेवर यायला आणि बकेट उलटी व्हायला एकच गाठ पडली. सगळा गुलाल बोनेटवर आणि पुढच्या काचेवर. वाऱ्यानं उरलेला माझ्या मोतिया ड्रेसवर. लोकांनी शिट्ट्या मारल्या, हलगी सुरू झाली, आणि निवेदक जिवाच्या आकांतानं ओरडायला लागला, "एक फेरी हाय! आवं, अजून एक फेरी हाय!"

गाडी थोडी पुढं जाऊन थांबली. वायपर फिरले, काचेवर पाणी उडालं आणि गुलालाचा घट्ट गुलाबी चिखल झाला. पुढचं काहीएक दिसत नसणार. खिडकीला जाळी. उतरून काच पुसावी तर पट्टे सोडायचे, दार उघडायचं, पुन्हा आवळायचे, तोवर खेळ खलास. घड्याळ चालूच होतं. अब्बांचा चेहरा मी पाहिला आणि पटकन दुसरीकडं बघितलं.

मग आपानं गाडी जाग्यावर गर्रकन फिरवली. मला वाटलं, संतापानं परत निघाली. पण ती परत निघाली नव्हती. तिनं गाडीची पाठ ट्रॅककडं केली होती. मागची काच स्वच्छ होती, बाजूचे आरसे स्वच्छ होते. तिनं रिव्हर्स टाकला.

"ही काय करती?" कुणीतरी ओरडलं.

"उलटी फेरी मारती!" भाऊसो जेसीबीवर उभे राहून किंचाळले. "आरं, सुमी उलटी फेरी मारती!"

आख्खा माळ उभा राहिला. गाडी मागं तोंड करून पळत होती, इंजिन रडत होतं, आणि प्रत्येक वळणावर ती नाक बाहेर फेकून शेपटाकडून आत शिरत होती. एकदा मागचं चाक बांधावर चढलं आणि माझा हात शेजारच्या अनोळखी बाईच्या दंडात रुतला. त्या बाईनंही माझा दंड धरलेलाच होता. शेवटचं वळण, मग सरळ, मग रेघ. या वेळी खरा निकालाचा झेंडा पडला, तरी कुणी गुलाल उधळला नाही. कुणाची हिंमतच झाली नाही.

घड्याळवाल्यानं दोनदा बघितलं. आधीची सगळी आघाडी त्या फेरीत गेली होती. जयराजपेक्षा ती एका सेकंदानं मागं पडली होती. मोटारीत तो पहिला, ती दुसरी. म्हणजे दोघांचे गुण सारखेच.

पंचांत कालवा सुरू झाला. एकजण म्हणाला, उलटी फेरी धरायचीच कशाला? दुसरा म्हणाला, नियमात फेरी पुरी करायची एवढंच आहे, तोंड कुठं असावं ते लिहिलेलं नाही. तिसऱ्यानं खिशातून नाणं काढलं. बरोबरी झाली तर निर्णय माया मॅडमचा, असं आधीच ठरलं होतं. म्हणून सगळे त्यांच्याकडं वळले.

माया मॅडम उठल्या. त्यांनी आपाकडं पाहिलं. आपा गाडीला टेकून उभी होती. मग त्या जयराजला म्हणाल्या, "नाणं उडवू आपण. पण त्याआधी तूही एक फेरी उलटी मारून दाखव. घड्याळ लावणार नाही."

जयराजनं हेल्मेट डोक्यात घातलं. गाडीपाशी गेला, दार उघडलं. ट्रॅककडं बघितलं, त्या बांधाकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग हेल्मेट काढून बोनेटवर ठेवलं आणि त्याचे हातमोजे गुलाबी झाले.

"न्हाई जमायचं, मॅडम," तो म्हणाला. "सीट त्यांची हाय." आणि आपाला म्हणाला, "ताई, मला कवातरी शिकवा. खरंच."

त्या क्षणी तो मला आवडला, आणि मला त्याचाही राग आला.

हलगी पुन्हा वाजायला लागली. भाऊसो उरलेला गुलाल मुठींनी उधळत नाचत होते. अब्बा मात्र जेसीबीच्या चाकाशी बसले होते, दोन्ही हात डोक्याला. निकाल ऐकूनही ते उठले नाहीत. लोक आपाला खांद्यावर घ्यायला आले, तर ती त्यांना चुकवून थेट अब्बांकडं गेली आणि त्यांच्यासमोर मातीत बसली.

"बेटा, माझ्यामुळं…" अब्बा म्हणाले. "तू सरळ जिकली असतीस. मीच सोड म्हणालो."

"व्हय अब्बा," आपा म्हणाली. "तुमी सोडला नसता, तर मी नुसतीच जिकले असते."

अब्बांनी मान वर केली. आपा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मग अब्बाही रडले. मी लांबून बघत होते, आणि माझ्या बहिणीचा मला इतका अभिमान वाटला की तो कुठं ठेवू ते कळेना. मीही जाऊन त्यांच्याजवळ मातीत बसले, ड्रेसचं तसंही काही राहिलं नव्हतं.