लक्ष देणारी माणसं

सरांनी पडद्यावरच्या लाल ओळींवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि काचेवर उमटलेला ठसा रुमालाने पुसला.

"ही घाण उडव सगळी," ते म्हणाले. "उद्या सकाळी मला स्वच्छ फाइल हवी."

धाकटीने खुर्ची थोडी मागे घेतली. मानसशास्त्र विभागात ती सगळ्यांत नवी आणि घरात शेंडेफळ, त्यामुळे दोन्हीकडे तिला धाकटीच म्हणत. धाकटीने उलट बोलायचं नसतं, हेही दोन्हीकडे ठरलेलं होतं.

अभ्यास होता घरातल्या आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यांच्या थकव्याचा. प्रश्नावली फोनवर भरायची. ती भरणारी माणसं शोधून आणायचं काम धाकटीचं. दवाखान्यांतल्या बाकांवर, औषधांच्या दुकानांसमोर, ओळखीपाळखीत तिने अक्षरशः पदर पसरला होता. माणूस वाचून उत्तरं देतोय की नुसताच बटणं दाबत सुटलाय, हे कळावं म्हणून सरांनी मध्येच एक प्रश्न पेरला होता: 'तुम्ही लक्ष देऊन वाचत असाल, तर इथे "कधीच नाही" हे उत्तर निवडा.' ज्यांनी दुसरंच काही निवडलं, त्यांच्या ओळी लाल झाल्या. अशा ओळी बऱ्याच होत्या. त्या काढल्या की उरलेली माणसं चांगली ठणठणीत दिसत होती, आणि घरातलं आजारपण काढणं हे काही फारसं थकवणारं काम नाही, असा निष्कर्ष आपसूक निघत होता.

"सर, पण दमलेल्या माणसाचंच तर लक्ष उडणार ना? त्यांनाच काढलं तर..."

"तर काय? चाळण असते कशाला?" सर हसले. "मला लक्ष देणारी माणसं हवीत, पेंगणारी नकोत. आणि हो, तुझ्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचा कागदही उद्याच माझ्या सहीला येतोय. आपली आठवण करून दिली."

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही संन्याशाला हाताला धरून आणणारीच्या हातून! धाकटी हे मनात म्हणाली. तोंडाने म्हणाली, "बरं, सर."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वहिनी आईच्या अंगाखालची चादर बदलत होती. आईला कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत तिच्या पाठीपर्यंत आणायची, नवी तिथूनच उलगडायची, मग आईला पलीकडे वळवायचं. आईचं अर्धं अंग गेल्यापासून वहिनीचे हात हे न बघता करत. धाकटी मदतीला धावली आणि नेमकं चुकीचं टोक धरून उभी राहिली.

"सोडा, वन्सं," वहिनी म्हणाली. रागावली की ती नणंदेला अशी जुन्या वळणाची हाक मारून अहोजाहो करायची. "तुमचं लक्ष नाही."

आईची उशी सारखी करून वहिनीने फोन आणला आणि धाकटीपुढे धरला. 'आपण प्रश्न लक्षपूर्वक न वाचल्यामुळे आपली उत्तरे ग्राह्य धरता येत नाहीत. धन्यवाद.'

"हे कोणी लिहिलंय?"

धाकटीनेच लिहिलं होतं. 'धन्यवाद'सुद्धा तिचंच. वहिनीला गळ घालून प्रश्नावली भरायला लावणारीही तीच.

"वहिनी, अगं, डोळा लागला असेल तुझा. मी सरांना तेच सांगत होते, दमलेल्या माणसाला..."

"डोळा? दोनदा वाचला मी तो प्रश्न. चष्मा लावून."

"मग?"

वहिनी पलंगाच्या कडेला टेकली. "सकाळपासून हे उचल, ते दे, कूस बदल, पंखा लाव, पंखा बंद कर. आईंना नाही कसं म्हणू? त्यांचं त्यांना काहीच करता येत नाही. तुझ्या दादाला नाही म्हटलं की तो घर डोक्यावर घेतो. तू तर गोड बोलून कामं सांगतेस, तुला नाही म्हणणं त्याहून अवघड. आणि मग हा फोन! तोही म्हणतो, 'कधीच नाही' दाब. म्हटलं, नाही दाबत, जा! 'नेहमी' दाबते. काय करशील?" वर्गातून पळून आलेल्या मुलीसारखी ती हसली. "इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

आईच्या वाकड्या ओठांतूनही काहीतरी हसल्यासारखं बाहेर पडलं.

"आणि बाकीची उत्तरं?" धाकटीने विचारलं.

"खरी. एकूण एक. झोप येते का, रडू येतं का, पळून जावंसं वाटतं का. इतक्या वर्षांत कुणी विचारलं होतं मला?" वहिनीचं हसू मावळलं होतं. "तुझ्या सरांना लक्ष देणारी माणसं हवीत की सांगकामी?"

धाकटीला आधी लाज वाटली, मग राग आला. सरांचा आला, दादाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. तिने चादरीचं टोक उचललं, या वेळी बरोबर, आणि कुणी न सांगता गादीखाली खोचलं.

सकाळी सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. एका हातात नेमणुकीचा कागद, दुसऱ्यात उघडं पेन.

"झालं?"

"नाही, सर. यातली एक माझ्या ओळखीची आहे. तिने तो प्रश्न नीट वाचला होता. मुद्दाम उलटं दाबलं."

"मुद्दाम? मग तर आधी उडव. सांगितलेलं न ऐकणारी माणसं काय कामाची?"

"का ऐकलं नाही, ते विचारू या ना त्यांना. सगळ्यांना."

सरांनी वाकून स्वतःच सगळ्या लाल ओळी निवडल्या. पुढे जायला मात्र धाकटीच लागत होती, कारण फाइल तिच्या नावावर होती. पडद्यावर चौकट उघडली: 'निवडलेल्या नोंदी कायमच्या पुसल्या जातील. पुढे जाण्यासाठी "होय" दाबा.'

"दाब," सर म्हणाले.

धाकटीने ते वाक्य वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. खाली दोन बटणं होती. तिने 'नाही' दाबलं.

"लक्ष कुठे आहे तुझं?"

"इथेच आहे, सर."

सरांनी पेनाला टोपण लावलं. तेही तिने नीट लक्ष देऊन पाहिलं.