वस्तादची ऑर्डर

वहिनी घरून निघाली ती मनाशी पक्कं ठरवून. आज मेन्यूकार्ड स्वतः उघडायचं आणि काय खायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. गोष्ट एवढीशी, पण लग्नानंतर इतक्या वर्षांत ती तिला एकदाही जमली नव्हती.

त्याचं कारण वस्ताद, म्हणजे तिचा नवरा. मनोरंजन पार्कातला तो उंच आकाशपाळणा त्याच्या देखरेखीखाली होता. पाळण्याचा एखादा बोल्ट कुरकुरला तरी वस्तादला घरी बसून ऐकू येतं, असं लोक म्हणत, आणि तोही कधी ते खोडून काढत नसे. पार्कच्या रिसॉर्टमध्ये एक झकपक रेस्टॉरंट होतं, आतून थेट जुन्या जहाजासारखं सजवलेलं. एरवी तिथे पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती, पण कामगारांना वर्षातून एकदा तिथे सवलतीत जेवता येई. मग वस्ताद, वहिनी आणि त्याचे तीन जिवलग असे पाच जण कडक इस्त्रीचे कपडे घालून जात. पार्कचा इलेक्ट्रिशियन, ज्याला सगळे शॉक म्हणत. ते लाकडी जहाज ज्याने उभं केलं तो सुतार. आणि तिकीट खिडकीवर बसणारी तिकीटताई.

ऑर्डर वस्तादने द्यायची, असा रिवाज पडून गेला होता. कार्डाकडे ढुंकूनही न बघता तो एका दमात सांगे, "सगळ्यांना मशरूमचं सूप, मग लोण्यातला मासा, आणि शेवटी कडू चॉकलेटचा केक." बाकीच्यांनी माना डोलवायच्या. वहिनीला मशरूम घशाखाली उतरत नसे. पण चारचौघांत नवऱ्याचा शब्द कशाला मोडा, म्हणून पहिल्या वर्षी ती गप्प बसली, आणि पुढे गप्प बसणंच अंगवळणी पडलं.

वस्ताद जाऊन वर्ष होत आलं होतं. माणूस प्रेमळ होता, त्यात काही खोट नव्हती, आणि त्याच्या आठवणीने वहिनी अजून उशी भिजवत होती. पण मध्यंतरी भाजीच्या दुकानात उभी असताना तिच्या लक्षात आलं, की आपण अजून त्याच्याच आवडीच्या भाज्या पिशवीत भरतोय. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायची, "हे बरं दिसतंय, की आधीचं?" तिला मात्र कधी कुणी असं विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

जहाजातल्या टेबलाशी तिघं आधीच येऊन बसली होती. वहिनी बसली आणि कार्ड शोधू लागली. टेबलावर मेणबत्ती होती, चकचकीत काटे-चमचे होते, पण कार्ड नव्हतं.

"कार्ड कशाला शोधता वहिनी?" सुतार म्हणाला. त्याचा आवाज आतापासूनच ओला झाला होता. "मी परवाच फोन करून सगळं सांगून ठेवलंय. वस्तादची ऑर्डर. एकही पदार्थ बदलायचा नाही म्हटलं."

"यापुढे दरवर्षी असंच," शॉक म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून नाक पुसू लागला.

तेवढ्यात कप्तानाचा कोट घातलेला वेटर आला आणि त्याने सगळ्यांपुढे सूप ठेवलं. वर मशरूमच्या चकत्या तरंगत होत्या. तिघं जण तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या बघण्यात इतकी माया होती की वहिनीला रडूच कोसळायचं बाकी होतं. आता काय बोलायचं? या माणसांनी वस्तादच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात रात्री काढल्या होत्या. तिने चमचा उचलला, सुपात बुडवला, ओठांपर्यंत नेला. आज हे प्यायलं, तर जन्मभर दरवर्षी प्यावं लागणार, हे तिला स्वच्छ दिसलं. तिने चमचा खाली ठेवला.

"मला मशरूम आवडत नाहीत," ती म्हणाली. "कधीच आवडले नाहीत."

आणि नेमकं त्याच वेळी जहाजातलं वादळ सुरू झालं. हा तिथला खास खेळ. दिवे विझले, विजा कडाडल्या, पंखे घोंघावू लागले, लाटांच्या आवाजात शेजारच्या टेबलावरची पोरं किंचाळू लागली. कुणाला काही बोलता येईना. विजेच्या लखलखाटात वहिनीला सुताराचा पडलेला चेहरा दिसे, पुन्हा अंधार होई. दरवेळी आवडणारं ते वादळ आज तिला संपता संपेना. पण शब्द मागे घ्यावासा मात्र तिला वाटला नाही.

दिवे लागले. "इतकी वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत?" सुताराने विचारलं. "वस्तादला तरी माहीत होतं का?"

"नाही भाऊजी. ह्यांना सांगायचं राहूनच गेलं. त्याचंच वाईट वाटतं."

"मी तर जीव टाकतो या सुपावर," सुतार पुटपुटला.

"मग माझी वाटी पण घ्या." तिने वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि वेटरला हाक मारली. "कप्तान, मला कार्ड द्या. आणि माझा मासाही आणू नका."

"अगं, मग तुला आवडतं तरी काय?" तिकीटताईने विचारलं.

वहिनी कार्ड उघडून बसली. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. उत्तर काही सापडेना. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आपल्याला काय आवडतं ते सांगता येऊ नये, याची तिला मनापासून लाज वाटली.

"मी सांगू का तुझ्यासाठी?" ताई हळूच म्हणाली.

"नको. चुकलं तर माझं मी चुकेन."

तिने ऑलिव्ह घातलेला गार भात मागवला. पहिल्याच घासाला तिचं तोंड वाकडं झालं. शॉकला हसू आवरेना. सुताराने लगबगीने स्वतःची माशाची ताटली पुढे केली. "हा घ्या वहिनी, उपाशी राहू नका."

"राहत नाही. कप्तान, कार्ड परत आणा."

"आणि तेही नाही आवडलं तर?"

"तर तिसरं. मला कुठे जायचंय?"

या खेपेला तिने भट्टीत भाजलेला लाल भोपळा मागवला, वर चीज आणि मिरपूड. वस्तादला भोपळ्याचा वाससुद्धा चालत नसे, त्यामुळे घरात भोपळ्याची फोड कधी आली नव्हती. ताटली आली. कडा खरपूस झालेल्या, आत मऊ. तिने घास घेतला, डोळे मिटले आणि आणखी एक घेतला. गोड, तिखट, गरम. हे आवडलं. अगदी मनापासून आवडलं.

"अहो, हे बघा तरी खाऊन," असं म्हणत ती डावीकडे, वस्ताद दरवर्षी बसे त्या बाजूला वळली. तिथे आज खुर्ची नव्हती, नुसती भिंत होती. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सुताराने चमचा पुढे केला. "मला द्या की जरा, चव बघतो."

वहिनीने ताटली स्वतःकडे ओढून घेतली. "तुमचं तुम्ही मागवा," ती म्हणाली, आणि रडत रडत शेवटच्या फोडीपर्यंत सगळं एकटीने संपवलं.