ढोल थांबला की वळता चेंडू

प्रज्ञाने फायनलचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि कान देऊन ऐकलं. समोरच्या टीमचा पिचर फहद वळता चेंडू टाकणार असला, की प्रेक्षकांतला ढोल आधीच गप्प व्हायचा. सरळ, वेगवान चेंडू असला की वाजत राहायचा. आणि तिच्या टीमचे बॅटर प्रत्येक चेंडू ठाऊक असल्यासारखे फोडून काढत होते.

दुबईतल्या त्या व्यावसायिक बेसबॉल टीमची ती व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट. कोणता चेंडू टाकायचा ते बॅटरच्या मागे बसलेला कॅचर पिचरला बोटांनी गुपचूप खुणावतो. ती बोटं दिसतील असा कॅमेरा तिनेच लावला होता. "ताई, आपल्या कॅचरच्या सरावासाठी हवाय," असं कॅप्टन संग्राम म्हणाला होता. साताऱ्याचा हा पोरगा शुक्रवारी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या तिच्या घरीच जेवायचा, भाऊबीजेला ओवाळून घ्यायचा.

कॅमेऱ्यातल्या खुणा बघूनच ढोल थांबवला जात होता का, असं तिने त्याला सरळ विचारलं. त्याने नाकारलं नाही.

"ताई, सगळेच करतात. ट्रॉफी आली, खलास!"

"त्या एका मॅचवरून फहदला त्याच्या टीमने काढलं, संग्राम."

तो म्हणाला, "बरं. मीच लीगला सांगतो. तू फक्त सोबत ये."

ती गेली. खरं बोलणाऱ्या खेळाडूंवर कारवाई होणार नाही, असं चौकशीत आधीच जाहीर झालं होतं. संग्राम तिच्याकडे न बघता म्हणाला, "कॅमेरा प्रज्ञाताईंचा. कल्पनाही त्यांचीच. आम्ही सांगितलं तसं खेळलो."

तिथेही तो 'ताई' म्हणाला, हेच तिला जास्त लागलं. तिचं कुणी ऐकलं नाही. नोकरी गेली, स्टेडियममध्ये पाऊल टाकायला बंदी आली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "रागावू नकोस. पोरांची करिअर्स होती गं. तुला काय, कुठेही जॉब मिळेल."

"मला ताई म्हणू नकोस," म्हणत तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती फहदला भेटायला अल ऐनला निघाली, तशी तिची मुलगी सुरुची चिडली. "ममा, यू डिडन्ट ईव्हन डू इट!"

"कॅमेरा मीच लावला होता ना?"

फहद मूळ रायगडचा, आता वडिलांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसत होता. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा हात बिघडला नव्हता?"

"नाही रे."

"संग्रामभाईने मॅचनंतर मला मिठी मारली होती. म्हणाला, 'फहद, तुझा वळता चेंडू आता कुणालाही कळतो, सोडून दे.' मी सोडला."

हे तिलाही नवीन होतं. तिने ते शब्दशः लिहून घेतलं.

दोघांनी मिळून लीगकडे पुन्हा तक्रार केली. प्रकरण बंद झाल्याचं उत्तर आलं. ट्रॉफी आणि संग्रामचं कॅप्टनपद, दोन्ही जिथल्या तिथे राहिली.

फहद मात्र पुढच्या सीझनच्या निवड चाचणीला उतरला. प्रज्ञाने त्याला स्टेडियमच्या गेटपर्यंत सोडलं आणि तो बाहेर येईपर्यंत पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिली.