मागच्या सीटवरचे पाय

मी एक जुनं, दोन माणसांचं विमान आहे. 'आहे' आपलं म्हणायचं. माझा उजवा पंख मोडलेला आहे, इंजिन काढून नेलेलं आहे आणि वैमानिक शाळेच्या फाटकाशी एका सिमेंटच्या ओट्यावर मला बसवून ठेवलं आहे. शेजारी पाटी आहे, 'शिकाऊ वैमानिकाच्या चुकीने झालेला अपघात'. मित्रांनो, ती पाटी खोटी आहे.

माझी घडणच थोडी निराळी. दोन मोठी चाकं पुढे आणि एक इवलंसं चाक शेपटीखाली. हवेत मी गरीब गाय. पण उतरल्यावर धावताना नाक जरा वाकडं झालं, की मागचं वजन पुढे यायला धडपडतं आणि मी गरकन फिरतं. म्हणून उतरवणाऱ्याचे पाय सतत पेडलवर हवेत. माझ्यात पेडलच्या दोन जोड्या होत्या, पुढची शिकणाऱ्याची, मागची शिकवणाऱ्याची, आणि दोन्ही एकाच तारांना बांधलेल्या. त्यामुळे दाबलं कुणी हे बाहेरून दिसायचं नाही. मला मात्र पाय ओळखू यायचे.

मागे कॅप्टन बसायचे. बावीस वर्षं त्यांनी माझ्यावर मुलं शिकवली. सकाळी आले की माझ्या नाकावर थाप मारून म्हणायचे, "काय राणीसरकार, निघायचं?" मुलांना दटावायचे, "टेकलं म्हणजे उतरलं नाही. चाकं थांबेपर्यंत पायांना झोप नाही!" मी त्यांच्यावर जीव टाकला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते.

शेवटच्या तुकडीत एक मुलगी होती. सकाळी दवाखान्यात केसपेपर लिहायची आणि दुपारी माझ्याकडे यायची. उंची कमी, म्हणून पाठीशी उशी घेऊन बसायची. तिचे पाय मऊ होते, पण पक्के. आठ दिवसांनी तिची परीक्षा होती. ती पास झाली की वैमानिकाचा परवाना तिच्या हातात पडणार होता.

त्या दिवशी शाळेत पाहुणे आले होते. कुंपणाशी खुर्च्या मांडल्या होत्या. वारा डावीकडून आडवा येत होता, तरी ती मला नीट खाली आणत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "सोड. मी घेतो. पाय काढ."

"सर, जमतंय मला."

"काढ म्हटलं ना!"

तिने पाय काढले. कॅप्टननी मला फूल ठेवावं तसं टेकवलं. कुंपणाकडून टाळ्या पडल्या आणि कॅप्टननी खिडकीबाहेर हात काढून पाहुण्यांना हलवला. हात हलवताना त्यांचे पाय सैल पडले. आम्ही अजून जोरात धावत होतो आणि माझ्या एकाही पेडलवर जोर नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वाऱ्याने शेपूट ढकललं, नाक डावीकडे वळलं. उजवा पाय दाबला तो फक्त तिने, न सांगता, पण उशीर झाला होता. मी गरकन फिरलं. उजवं चाक मुडपलं आणि पंख जमिनीत घुसला. त्या दोघांना साधं खरचटलंही नाही.

चौकशीत कॅप्टन म्हणाले, "ऐन वेळी हिने चुकीचा पाय दाबला." ती म्हणाली, "सरांनीच घेतलं होतं. नाक वळेपर्यंत माझे पाय वर होते." बावीस वर्षांच्या नावापुढे तिचं कोण ऐकणार?

हात पाहुण्यांनीही पाहिला होता, पण त्यांना त्यातलं काय कळणार? जाणत्या एकाने मात्र सगळं पाहिलं होतं. माझा मेकॅनिक आग विझवायचं नळकांडं घेऊन धावपट्टीच्या कडेलाच उभा होता. माझा पंख सोडवताना तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमचा हात बाहेर होता."

"तिचं वय आहे रे, दुसरं काहीतरी करेल," कॅप्टन म्हणाले. "माझी दोनच वर्षं राहिलीत. आता डाग लागला तर?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने लिहून दिलं, 'ऊन डोळ्यांवर होते, दिसले नाही.' चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. तिचं नाव शाळेतून काढलं. कॅप्टन हारतुरे घेऊन निवृत्त झाले. मेकॅनिक अजून दर आठवड्याला येऊन मला पुसतो. त्याचं फडकं अंगाला लागलं की मला शिसारी येते.

मागच्या महिन्यात ती आली. अकरा वर्षांनी. बरोबर बहिणीची मुलगी होती. तिने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मावशी, हे तू मोडलंस?"

'नाही' ऐकायला मी आतुर झालं होतं. तिने वाकून माझ्या पेडलकडे पाहिलं.

"हो गं, बहुतेक मीच," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळे म्हणतात, तर माझाच पाय चुकला असेल."

मेकॅनिक दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं आणि मान खाली घालून तो माझी शेपटी पुसत राहिला.

मित्रांनो, पंख मोडला त्याचं मला काही वाटत नाही. पत्रा दुसरा मिळतो. पण त्या दिवशी जिचे पाय खरे होते, तिलाच आता ते खरे वाटत नाहीत. तेव्हा मला पुसायला, रंगवायला कुणी येऊ नका. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं वेळेवर सांगा. मला तोंड नव्हतं. त्याला होतं.